हळदीचा पिवळा स्क्रीनवर खरा कसा आणला (माझा अनुभव)

सांगलीत पॅकेजिंग डिझाइन करायचं म्हणजे हळदीची पाकिटं आलीच. २०१८ साली इथल्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, त्यामुळे तिचा रंग नीट छापला जावा असं मला मनापासून वाटतं. पिवळा जरा हिरवट झाला की माल फिका दिसतो.

माझ्याकडे दुपारी बरोबर वाटणारा पिवळा रात्री ट्यूबलाइटखाली वेगळाच दिसायचा. मॉनिटर तोच, फाइल तीच. खोलीतल्या उजेडाप्रमाणे डोळा आपला 'पांढरा' बदलतो, आणि कॅलिब्रेशन (यंत्राने मोजून मॉनिटरचे रंग नीट लावणं) फक्त मॉनिटर सुधारतं, खोली नाही. म्हणून आधी खोली हाती घेतली. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, मॉनिटरमागची केशरी भिंत फिकट राखाडी केली. छापील नमुना बघायला ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेड किती पिवळट की निळसर याचं माप), सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा दिवा बसवला. त्याचा उजेड स्क्रीनवर पडू द्यायचा नाही.

मग मॉनिटर. ऑटो ब्राइटनेस आणि नाइट लाइट बंद. अर्धा तास तापू दिला. फोटोग्राफर मित्राचं कॅलिब्रेटर (स्क्रीनचा रंग मोजणारं यंत्र) आणून ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ-गडद दिसतात ते) २.२ धरलं. ब्राइटनेस दिवसासाठी १२० कँडेला (प्रति चौरस मीटर), रात्रीसाठी ८०, आणि दोन्हींची प्रोफाइल (मॉनिटरच्या रंगांची नोंद असलेली फाइल) वेगळी. ब्राइटनेस बदलला की प्रोफाइलही बदलायचं, हे फार महत्त्वाचं.

प्रुफाशेजारी (छापून आलेल्या नमुन्याशेजारी) स्क्रीनचा पांढरा निळसर वाटला, तर छपाईच्या कामापुरतं केल्विन ५००० कडे खाली आणावं. कागद आणि स्क्रीन जुळेपर्यंत थोडं थोडं. आता छापखान्यातून पिवळ्याबद्दल फोन येत नाहीत.