एकाच तबकडीचे बँड: साठच्या दशकातला गॅरेज आणि सायकेडेलिक रॉक कसा शोधावा

९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर एड सलिवनच्या कार्यक्रमात वाजले आणि तिथल्या गावोगावच्या शाळकरी पोरांनी गिटार हातात घेतली. पुढच्या तीन-चार वर्षांत अशा असंख्य बँडनी जवळच्या स्टुडिओत दोन गाणी मुद्रित केली, पाचशे-हजार प्रती काढल्या आणि त्या शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात किंवा गावातल्या दुकानात विकल्या. मग कोणी कॉलेजला गेलं, कोणाला व्हिएतनामसाठी लष्कराचं बोलावणं आलं, आणि बँड मोडला. मागे राहिली ती सात इंचांची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची एक तबकडी. हाच गॅरेज रॉक, म्हणजे घरच्या गॅरेजात सराव करणाऱ्या हौशी पोरांचा कच्चा रॉक. सायकेडेलिक म्हणजे त्याचंच धुंद, भ्रमात नेणारं रूप.

अशा बँडचं नाव सर्च करून फारसं काही मिळत नाही, कारण त्यांच्याबद्दल त्या काळी कोणी काही लिहिलंच नव्हतं. गाव, साल, स्टुडिओ, गीतकार ही सगळी माहिती असते ती तबकडीच्या लेबलवरच्या बारीक अक्षरांत. तेव्हा शोध घ्यायचा तो लेबलचा, म्हणजे तबकडी काढणाऱ्या छोट्या कंपनीचा, आणि गावाचा. बँड त्यातून आपोआप सापडतात.

कान तयार करा

सुरुवात संकलनांपासून करावी. लेनी केनं १९७२ मध्ये इलेक्ट्रा कंपनीसाठी केलेला 'नगेट्स' हा २७ गाण्यांचा दुहेरी अल्बम या सगळ्या प्रकाराचा पाया आहे. १९९८ मध्ये ऱ्हायनो कंपनीनं तो चार सीडींवर ११८ गाण्यांपर्यंत वाढवला. त्यातली बरीच गाणी त्या काळी कुठे ना कुठे गाजलेली आहेत, म्हणून तिथेच थांबू नका. त्याच्या खालचा थर म्हणजे ग्रेग शॉ यांची 'पेबल्स' मालिका. तिच्या सुरुवातीच्या भागांवर ऑस्ट्रेलियातल्या 'कुकाबुरा'चा पत्ता छापलेला असे आणि तो निव्वळ बनाव होता. त्यामुळे कव्हरमागच्या मजकुरावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. त्याहून खाली, अगदी कच्चा आणि रासवट आवाज हवा असेल तर १९८३ पासून निघालेली क्रिप्ट लेबलची 'बॅक फ्रॉम द ग्रेव्ह' मालिका ऐका. ब्रिटिश सायकेडेलियासाठी 'रबल' मालिका घ्या.

शोधाच्या दृष्टीनं सगळ्यांत उपयोगी मालिका मात्र 'हाइज इन द मिड-सिक्स्टीज'. तिचे बरेच भाग प्रदेशानुसार केलेले आहेत: लॉस एंजेलिस, टेक्सस, मिशिगन, वायव्य किनारा. एकाच प्रदेशाचे दोन-तीन भाग लागोपाठ ऐकले की गावाची बोली कानाला कळू लागते. वायव्येकडच्या टॅकोमाच्या सॉनिक्सचे फाटलेले ड्रम आणि किंकाळ्या, आणि टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या इंटरनॅशनल आर्टिस्ट्स या लेबलवरचं धुरकट, भोवंडून टाकणारं संगीत यांतला फरक एकदा कळला की अनोळखी गाण्याचाही प्रदेश पुष्कळदा ओळखता येतो.

ऐकताना प्रत्येक आवडत्या गाण्यासमोर चार गोष्टी लिहून ठेवा: बँड, लेबल, क्रमांक (लेबलनं त्या तबकडीला दिलेला), गाव. साधी एक्सेल शीट पुरते. मोठं काम होतं ते लेबल आणि क्रमांक या दोन रकान्यांमुळेच.

लेबलच्या मागे जा

त्या काळची पद्धत अशी होती: एखादं गाणं गावच्या रेडिओवर चाललं की मोठी कंपनी ते विकत घेऊन देशभर काढायची. मिशिगनच्या क्वेश्चन मार्क अँड द मिस्टीरियन्सचं '९६ टिअर्स' १९६६ मध्ये आधी पा-गो-गो या छोट्या लेबलवर आलं, मग कॅमिओनं उचललं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. सॅन होजेच्या सिंडिकेट ऑफ साउंडचं 'लिटल गर्ल' त्याच वर्षी हश लेबलवरून बेलकडे गेलं. म्हणून गाजलेल्या गाण्याची मोठ्या कंपनीची प्रत बाजूला ठेवा आणि मूळ गावच्या लेबलची प्रत शोधा. मग त्या लेबलची संपूर्ण यादी काढून आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांवर कोण आहे ते पाहा. तोच स्टुडिओ, तोच निर्माता, पलीकडच्या शाळेतला बँड. टॅकोमाच्या एटिकेटवर सॉनिक्स आणि वेलर्स यांच्या आसपास काय आहे, इंटरनॅशनल आर्टिस्ट्सवर थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्सच्या शेजारी गोल्डन डॉन आणि रेड क्रेयोला कसे येतात, हे एकदा स्वतः पाहिलं की पद्धत अंगवळणी पडते.

या यादीसाठी फॉर्टीफाइव्ह-कॅट ही साइट उत्तम, कारण तिथे लेबलनुसार क्रमवार नोंदी आणि छायाचित्रं मिळतात. डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या नोंदींच्या साइटवर देश अमेरिका, सात इंची, साल १९६५ ते १९६८ अशी गाळणी लावता येते. तिथे 'गॅरेज रॉक' हा शिक्का लोक स्वतः मारतात आणि तो बऱ्याचदा चुकतो. अनोळखी तबकड्यांवर नुसतं 'रॉक' किंवा 'पॉप' लिहिलेलं असतं. म्हणून शैलीची गाळणी काढून टाका आणि लेबलवरूनच शोधा. दोन्ही बाजू ऐकायला विसरू नका. पहिल्या बाजूला रेडिओसाठी गोड प्रेमगीत आणि मागच्या बाजूला फझ गिटारचा (मुद्दाम फाडलेल्या, खरखरीत आवाजाच्या गिटारचा) धुडगूस, ही जोडी फारच नेहमीची आहे. हे घबाड बहुतेकदा मागच्या बाजूलाच असतं.

लेबल वाचायचं कसं

गीतकाराची आडनावं कंसात असतात. ती बहुधा बँडमधल्याच मुलांची. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाचे जुने छापील कॅटलॉग इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. संगीताच्या भागात गाण्याचं शीर्षक टाकलं तर नोंद झालेली असल्यास गीतकाराचं पूर्ण नाव आणि तारीख मिळते. प्रकाशन संस्थेचं नावही बघा, तेच नाव दुसऱ्या लेबलवर दिसलं तर निर्माता एकच असण्याची शक्यता मोठी.

आता तबकडी तिरकी धरून शेवटच्या खाचेपुढची गुळगुळीत पट्टी पाहा, तिला डेड वॅक्स म्हणतात. तिथला क्रमांक कारखाना सांगतो. वर्तुळात 'एमआर' असेल तर लॉस एंजेलिसचा मोनार्क कारखाना. त्याच्यासोबत त्रिकोण आणि आकडा असतो, तो वाढत जाणारा कामाचा क्रमांक. तारीख माहीत असलेल्या दुसऱ्या मोनार्क तबकडीशी ताडून पाहिलं की आपल्या तबकडीचा काळ ठरवता येतो. आरसीए कंपनीनं बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी दाबलेल्या तबकड्यांवर तर पहिलं अक्षरच साल सांगतं: एस म्हणजे १९६५, टी १९६६, यू १९६७, डब्ल्यू १९६८. व्ही वापरलेला नाही, त्यामुळे यू नंतर थेट डब्ल्यू येतो. सिनसिनाटीच्या राइट कारखान्याचे क्रमांकही संग्राहकांनी सालवार लावून ठेवले आहेत.

लेबलचा फोटोच नसेल, नुसतं गाणं हाती आलं असेल, तर आवाजावरून अंदाज बांधा. गिटारला फझचा आवाज देणारा मेस्ट्रो फझ-टोन १९६२ मध्येच बाजारात आला होता, पण रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'नं १९६५ च्या उन्हाळ्यात त्याला खरं गिऱ्हाईक मिळवून दिलं. बारा तारांच्या गिटारची किणकिण १९६५ मध्ये बर्ड्सच्या मागोमाग पसरली. उलटी वाजवलेली गिटार ऐकू आली तर १९६६ च्या आधीचं साल धरू नका. पक्का पुरावा हा नव्हे, पण यादी निम्म्यावर येते.

शेवटचा धागा गावच्या रेडिओ केंद्रांचा. ही केंद्रं दर आठवड्याला आपली लोकप्रिय गाण्यांची यादी छापून दुकानांत वाटत. एआरएसए नावाच्या संग्रहात अशा याद्या शोधता येतात. बिलबोर्ड या नियतकालिकाच्या देशभरच्या यादीत कधीच न आलेलं गाणं एखाद्या गावात तिसऱ्या क्रमांकावर दिसलं, की बँड कुठला ते जवळपास ठरलंच. बिलबोर्ड आणि कॅश बॉक्सचे जुने अंक वर्ल्ड रेडिओ हिस्टरीवर आहेत. तिथे नव्या सिंगल्सच्या एकोळी परीक्षणांत छोटी लेबलंही सापडतात.

कुठे फसायला होतं

सगळ्यांत मोठा घोटाळा सारख्या नावांचा. द सॅव्हेजेस मुंबईचे होते, बर्म्युडाचेही होते, आणि इंग्लंडात स्क्रीमिंग लॉर्ड सचच्या साथीदारांचंही हेच नाव. ऑनलाइन संगीत सेवा अशा तिघांची गाणी एकाच पानावर बिनदिक्कत टाकतात. लेबल आणि क्रमांक जुळल्याशिवाय दोन तबकड्या एकाच बँडच्या मानू नयेत.

दुसरं, अल्बमवर नाव असलेला बँडच वाजवतोय असं नाही. चॉकलेट वॉचबँडच्या १९६७ च्या 'नो वे आउट'मध्ये काही गाणी डॉन बेनेट या बाहेरच्या गायकाच्या आवाजात आहेत, काही वाद्यरचना स्टुडिओतल्या वादकांच्या. त्यांचा खरा आवाज सिंगल्समध्ये जास्त स्वच्छ भेटतो. एकूणच या संगीतात अल्बमपेक्षा सिंगलवर भरवसा ठेवावा.

तिसरं, यूट्यूबवरच्या प्रती. टर्नटेबलचा वेग किंचित चुकला की सूर चढतो किंवा उतरतो. एकच गाणं दोन ठिकाणांहून ऐका. आणि मूळ मोनो गाण्याचं नंतर कृत्रिमरीत्या स्टिरिओ केलेलं रूप टाळा. त्यात ड्रमची धमक निघून जाते, आणि या गाण्यांचा जीव त्या धमकेतच आहे.

अमेरिकेबाहेर

इतर देशांत हीच पद्धत चालते, फक्त गावच्या लेबलच्या जागी अनेकदा स्पर्धा येते. तुर्कस्तानात हुर्रियत वृत्तपत्रानं १९६५ मध्ये 'आल्तन मिक्रोफोन' सुरू केली. तुर्की गाणी पाश्चात्त्य वाद्यांवर बसवायची ही तिची अट, आणि अनातोलियन रॉकची (तुर्की लोकसंगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाची) वाट त्यातूनच रुंदावली. हेगचे क्यू-सिक्स्टीफाइव्ह, लिमाचे लॉस सायकोस, जपानचे मॉप्स यांच्यापासून त्या त्या देशात शिरा.

आपल्याकडे इंपीरियल टोबॅकोनं सिमला सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' स्पर्धा घेतली आणि तिच्यातून 'सिमला बीट ७०' व 'सिमला बीट ७१' ही दोन संकलनं निघाली. शिलाँगचे फेंटोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर असे देशभरचे बँड त्यांत आहेत. मूळ प्रती दुर्मीळ, पण दोन्ही पुन्हा निघालेली असल्यानं ऐकायला मिळतात. नंदू भेंडे ज्यात गात तो मुंबईचा व्हेल्वेट फॉग शोधताना काळजी घ्या: १९६९ मध्ये 'पाय' या ब्रिटिश लेबलवर अल्बम काढणारा व्हेल्वेट फॉग बर्मिंगहॅमचा, आणि शोधयंत्र आधी तोच दाखवतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'व्हेल्वेट' या शब्दाच्या शेवटी एका 'ई'चा फरक आहे, तो पाहा.

विकत घेताना आणि वाजवताना

महाग मूळ प्रतीआधी अधिकृत पुनर्प्रकाशन आहे का ते बघा. संडेझ्ड आणि नॉर्टन यांचं काम चांगलं आहे. मूळ प्रत घ्यायचीच असेल तर विक्रेत्याकडून डेड वॅक्सचा फोटो मागवा, कारण नकली प्रतींत लेबल हुबेहूब असतं आणि चूक कोरीव अक्षरांत सापडते. 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) या दर्जाच्या खालची प्रत आवाजाची क्लिप ऐकल्याशिवाय घेऊ नये.

अमेरिकेतल्या ४५ फेऱ्यांच्या बऱ्याच तबकड्या विनाइलच्या नसून स्टायरिन या प्लास्टिकच्या असतात. ओळख सोपी: लेबल दाबलेलं नसून चिकटवलेलं दिसतं, आणि तबकडी कडक, हलकी लागते. स्टायरिन झिजलेल्या सुईनं लवकर खराब होतं आणि मग कायमची खरखर येते. सुई शंकूच्या आकाराची आणि नवी हवी, तिचं तबकडीवर पडणारं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेत. फार हलकं ठेवलं तर सुई खाचेत उडते आणि जास्तच नुकसान करते. धुताना अल्कोहोल अजिबात वापरू नका. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ मायक्रोफायबर फडकं पुरे. लेबल मात्र भिजू देऊ नका, कारण आपल्या कामाची निम्मी माहिती त्या कागदावर आहे. वाजवण्याआधीच दोन्ही लेबलांचे आणि डेड वॅक्सचे फोटो काढून डिस्कॉग्ज किंवा फॉर्टीफाइव्ह-कॅटवर टाका. नोंद नसेल तर नवी करा आणि जे लेबलवर छापलंय तेवढंच लिहा. अंदाजानं लिहिलेलं साल किंवा गाव पुढे सगळीकडे खरं म्हणून उतरवलं जातं.