चिवड्याच्या बॉक्समधून बघा प्रकाशाचा वर्णपट

भाचा नववीत आहे, सिडकोत राहतो, विद्युतचुंबकीय वर्णपटाचा (म्हणजे प्रकाश आणि त्याच्या जातीच्या न दिसणाऱ्या लहरी, लांबीनुसार लावलेल्या) तक्ता घोकून वैतागला होता, रेडिओ मग मायक्रोवेव्ह मग अवरक्त (इन्फ्रारेड)... म्हटलं थांब, आधी डोळ्यांनी बघू.

सामान फार नाही. चिवड्याचा रिकामा बॉक्स (नाशिकच्या घरात याची काय कमी!), जुनी सीडी, कटर, काळी चिकटपट्टी.

आधी सीडी बसवा. बॉक्सच्या एका टोकाला साधारण 60 अंशांत तिरकी खोचायची, चकचकीत बाजू समोरच्या भिंतीकडे आणि किंचित वर. तिच्या बरोबर वर झाकणाला रुपयाएवढं भोक, तिथून डोळा लावायचा. आता समोरच्या भिंतीत सीडीच्याच उंचीवर आडवी फट पाडा, सगळा खेळ हिचाच. आम्ही पहिल्यांदा कात्रीने कापली, चांगली बोटभर रुंद झाली आणि आत सगळं पांढरंफटक. मग त्या रुंद फटीवर पट्टीचे दोन तुकडे समोरासमोर लावून मध्ये जेमतेम एक मिलिमीटर जागा ठेवली, तेव्हा कुठे रंग सुटे झाले. बाकी फटींवर पट्टी मारा. तरी दिसेना तर सीडीचा कोन हलवून बघा.

सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून 1.6 मायक्रोमीटरवर असतात, त्यामुळे प्रत्येक लांबीची लहर वेगळ्या कोनात फुटते. जांभळी साधारण 400 नॅनोमीटर, लाल 700.

गच्चीवरून पांडवलेण्यांच्या डोंगरावरचं आकाश बघा, अखंड पट्टा दिसेल. सूर्याकडे फट अजिबात धरायची नाही, आरशातल्यासुद्धा नाही! जुना सीएफएल दिवा सापडला तर मजाच, तुटक तुटक रेघा, हिरवी तर ठसठशीत. स्वयंपाकघरात लाईट बंद करून आईने ओल्या चमच्यावर चिमूटभर मीठ घेऊन गॅसच्या ज्योतीत धरलं की एकच पिवळी रेघ उठून दिसते, 589 नॅनोमीटरची, ती मिठातल्या सोडियमची.

आणि एवढं सगळं रंगीबेरंगी म्हणजे तक्त्यातली एक चिंचोळी पट्टी फक्त. घरातल्या ओव्हनमधली मायक्रोवेव्ह 12 सेंटीमीटरची, एफएमची लहर तर जवळपास 3 मीटर, दारात मावायची नाही. त्या या बॉक्सात कुठून दिसणार. अवरक्त मात्र पकडता येतं. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, डोळ्याला काही नाही पण स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीचा लावा, मागच्याला अवरक्त अडवणारा फिल्टर बहुतेक जास्त कडक असतो.