मागचा कॅमेरा स्वतः बदलताय? आधी डिकी पूर्ण उघडा

कंपनीचा मागचा कॅमेरा गेला की त्याजागी बाहेरचा साधा कॅमेरा घरीच बसवता येतो. मी बसवलाय, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा माती खाल्ली. म्हणून ही यादी.

सगळ्यात आधी कॅमेरा खरंच गेलाय का ते बघा. लेन्स पुसा (हसू नका), प्लग काढून परत घट्ट लावा, आत पाणी किंवा हिरवा गंज दिसतोय का बघा. एवढं करूनही चालत नसेल तर मग पुढे.

पाने, पेचकस, टॉर्च हे सांगायला नको. मल्टीमीटर मात्र हवाच, कारण जुन्या कॅमेऱ्याच्या प्लगमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजायचंय. बाहेरचे कॅमेरे बहुतेक १२ व्होल्टचे असतात आणि काही गाड्यांत कंपनीच्या प्लगला ६ च्या आसपासच येतात, तिथे १२ वाला लावला की स्क्रीन काळी आणि आपण बसतो कॅमेऱ्याला शिव्या घालत. अशावेळी रिव्हर्सच्या दिव्यावरून सप्लाय घ्यायचा, मध्ये छोटा फ्यूज टाकून. कंपनीचा प्लग कापू नका, प्लीज.

ऑर्डर करायच्या आधी आपल्या स्क्रीनला कुठला सिग्नल कळतो ते बघा, साधा ॲनालॉग की एएचडी (ॲनालॉगच, पण जास्त स्पष्ट चित्राचा). चुकलं तर चित्र येतच नाही किंवा नुसतं फिरत राहतं. काही गाड्यांत मूळ कॅमेरा डिजिटल असतो, तिथे बाहेरचा थेट चालत नाही, वेगळी स्क्रीनच घ्यावी लागते. चित्र आरशासारखं उलटं दिसलं पाहिजे, नाहीतर डावीकडची भिंत उजवीकडे दिसते. बऱ्याच कॅमेऱ्यांना यासाठी एक छोटा वायरचा लूप असतो, तो कापला की चित्र उलटतं, पण कुठला लूप कशाचा ते कागदावर वाचूनच कापा. वॉटरप्रूफ किमान आयपी ६७.

आता मुख्य मुद्दा. डिकीच्या दारातून गाडीच्या बॉडीत वायर जाते ती रबरी नळीतून, आणि ती वायर ओढताना डिकी पूर्ण उघडी पाहिजे. पूर्ण म्हणजे पूर्ण. मी पार्किंगचं छत खाली होतं म्हणून अर्धी उघडून काम केलं, वायर छान ताणून बसवली, काय सफाई दिसत होती! सगळं बंद केलं, कॅमेरा मस्त चालला. चार दिवसांनी सामान भरायला डिकी वरपर्यंत उघडली आणि आत कुठेतरी टक् झालं. व्हिडिओ वायरची पिवळी पिन छताच्या अस्तरामागे सुटली होती. परत सगळं खोला. म्हणून आधी मोकळ्या जागी गाडी लावा, डिकी शेवटपर्यंत उघडा, बिजागरीपाशी वायरला थोडी ढील ठेवा, मग दहा वेळा उघडबंद करून बघा की वायर ताणली जात नाही ना आणि कुठे चिमटतही नाही ना. ढील ठेवा म्हटलं की लोक वीतभर गुंडाळी कोंबतात, तेही नको, ती दारात सापडते. नळीतून वायर जात नसेल तर साबणाचं पाणी लावा, तेल नको, रबर खराब होतं. आणि हो, डिकी पूर्ण उघडी. लिहून ठेवा कुठेतरी.

बॅटरीची निगेटिव्ह काढूनच जोडण्या करा. बॅटरी काढल्यावर रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. व्हिडिओ वायरसोबत जी बारीक लाल वायर येते ती रिव्हर्सचा करंट पुढे नेते, ती स्क्रीनच्या रिव्हर्सवाल्या वायरला जोडायची, नाहीतर गिअर टाकला तरी चित्र आपोआप येणार नाही. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर. भोक पाडलंत तर कडेला प्रायमर लावा, गंज तिथूनच सुरू होतो.

चित्र लुकलुकतंय? काही गाड्यांत रिव्हर्सच्या दिव्याला करंट सलग नसतो, तुकड्यातुकड्यात येतो. करंट सलग करणारा फिल्टर किंवा रिले (करंटने चालणारा स्विच) टाका.

बाकी ट्रिम (आतली प्लास्टिकची झाकणं), क्लिपा, टेप, जसं काढलं तसं उलट. दोनचार क्लिपा तुटतातच, जास्तीच्या आणून ठेवा. ट्रिम दाबायच्या आधी चाकांना अडण लावून रिव्हर्स टाकून बघा, आणि डिकी एकदा परत वरपर्यंत.