राज्यघटना वाचायची तर पेन्सिल घेऊन बसा

आमच्या अभ्यासिकेत नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी मी पाठांतर बंद करायला लावते. संविधानाची मराठी प्रत उघडायची, हातात पेन्सिल घ्यायची.

आधी अनुक्रमणिका. भाग पाच केंद्राचा, भाग सहा राज्यांचा. राष्ट्रपती आणि राज्यपाल, लोकसभा आणि विधानसभा अशा जोड्या वहीत समोरासमोर मांडा. मग अनुच्छेद ७५ आणि १६४ शेजारीशेजारी वाचा. मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या जबाबदार असतं ते लोकसभेला, राज्यात विधानसभेला. सरकार का पडतं, ते इथेच कळतं.

आता चौकोनी कंस शोधा. कंसातला मजकूर मागाहून आलेला. कुठल्या दुरुस्तीने, ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. उद्देशिकेतल्या ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दांखाली १९७६ची ४२वी दुरुस्ती सापडेल. पंचायतींचा भाग नऊ ७३व्या दुरुस्तीचा, २४ एप्रिल १९९३पासून लागू. त्यातलं २४३घ मी मुलींना मुद्दाम मोठ्याने वाचायला लावते. माझी आई महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत गेली, ती या अनुच्छेदामुळे.

दुरुस्ती कशी होते? अनुच्छेद ३६८. विधेयक दोन्ही सभागृहांत वेगवेगळं मंजूर व्हावं लागतं, संयुक्त बैठक चालत नाही. बहुमताचं गणित मात्र फळ्यावरच करावं लागतं, कारण मुलं हमखास चुकतात. लोकसभेच्या ५४३ जागा भरलेल्या आहेत आणि ३९० जणांनी मतदान केलं, असं धरा. दोन तृतीयांश म्हणजे २६०. झालं मंजूर? नाही. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे २७२ मतंही हवीत. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या. केंद्र-राज्य अधिकारांना हात लागला, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. जीएसटीच्या १०१व्या दुरुस्तीला ती घ्यावी लागली. उलट राज्यांच्या सीमा बदलायला अनुच्छेद ३ आणि ४ खालचं साधं बहुमत पुरतं. आपला महाराष्ट्र १ मे १९६०ला झाला तो तसाच.

शेवटी १२४क उघडा. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग तिथे छापलेला आहे. ९९व्या दुरुस्तीने हे सगळे टप्पे पार केले, राष्ट्रपतींची अनुमतीही मिळाली. तरी १६ ऑक्टोबर २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण संविधानाची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी ठरवून ठेवलं होतं. मजकूर पुस्तकात राहिला, निकाल तळटिपेत गेला. ती न वाचणारी मुलं परीक्षेत हा आयोग आजही आहे असं लिहून येतात.