मोठ्या आतड्याचा कर्करोग : ‘फिट’ आणि ‘सीईए’ या चाचण्या कशा वापराव्यात?

लक्षणे नसताना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करायची असेल, तर सीईए (कर्करोगात वाढू शकणारे एक प्रथिन) मोजणाऱ्या रक्तचाचणीपासून सुरुवात करू नये; आरंभीच्या अवस्थेत तिचे मूल्य बहुधा सामान्यच असते आणि धूम्रपानानेही ते वाढते. त्याऐवजी डॉक्टरांशी बोलून ‘फिट’ ही शौचातील न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी करावी. ती मानवी रक्तातील ग्लोबिन हे प्रथिन प्रतिपिंडांच्या साहाय्याने शोधते, त्यामुळे आधी मांसाहार बंद करावा लागत नाही. नमुना कमोडमधील पाण्याला लागू न देता घ्यावा, संचातील काडी शौचाच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या ठिकाणी फिरवावी, कुपीवर तारीख लिहावी आणि ती उन्हात न ठेवता लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. मासिक पाळी सुरू असताना नमुना घेऊ नये. ही चाचणी सहसा दरवर्षी करतात. अमेरिकेत २०२१पासून सुरुवातीचे वय ४५ मानले जाते, मात्र आईवडील किंवा भावंडांना हा आजार झाला असल्यास त्याआधीच थेट कोलोनोस्कोपीचा (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठे आतडे आतून पाहण्याचा) सल्ला मिळू शकतो.

चाचणीत रक्त आढळले, तर ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून ती पुन्हा करत बसू नये, कोलोनोस्कोपीच करावी; आपल्याकडे याच समजुतीत मोलाचे महिने वाया जातात. शौचातून रक्त डोळ्यांना दिसत असेल, तर फिटसाठीही न थांबता डॉक्टरांकडे जावे.

निदान झाल्यावर गाठीच्या ऊतीची एमएमआर चाचणी (डीएनएतील चुका दुरुस्त करणारी प्रथिने तिच्यात आहेत का, हे पाहणारी) झाली आहे का, हे आवर्जून विचारावे : दुसऱ्या टप्प्यातील (आजार लसिकाग्रंथींपर्यंत न पसरलेल्या) रुग्णाच्या गाठीत या प्रथिनांचा अभाव आढळल्यास आजार उलटण्याचा धोका तुलनेने कमी असतो. सीईए मात्र, आजार उलटल्यास लवकर कळावे म्हणून, शस्त्रक्रियेपूर्वी एकदा आणि नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारणपणे दर ३ ते ६ महिन्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत मोजून घ्यावे.