डोक्यावरचा डाग पाहून तलंग-कोंबडा ओळखता येईल असा संकर

अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला उबवणीतून निघालेली निम्मी पिल्ले नर मिळतात. तुरा वाढून ते ओळखू येईपर्यंत कित्येक आठवडे त्यांचा दाणा-पाणी खर्च होतोच. गुदद्वार तपासून लिंग सांगणारे सरावलेले हात खेड्यात सहसा मिळत नाहीत. जोडी नीट लावली तर मात्र पिल्लू सुकताच डोक्यावरचा डाग पाहून कोणालाही तलंग (मादी पिल्लू) आणि नर यांत फरक करता येतो.

नर ऱ्होड आयलंड रेड (लाल) किंवा ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प (काळा) जातीचा घ्या आणि माद्या पट्टेरी प्लायमाउथ रॉक जातीच्या. जोडी उलटी लावायची नाही: नर पट्टेरी आणि माद्या लाल असतील तर सगळीच पिल्ले पट्टेरी निघतात आणि काहीच ओळखता येत नाही.

कारण असे. कोंबड्यात नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्यांचा जनुक झेडवर असतो आणि तो प्रभावी आहे, म्हणजे एका झेडवर असला तरी पट्टे दिसतात. आई आपले झेड फक्त मुलग्यांना देते, मुलींना डब्ल्यू. त्यामुळे आईचे पट्टे मुलग्यांकडेच जातात, मुलींना बापाकडचे बिनपट्ट्याचे झेड मिळते. यातली सोय अशी की वंशावळ माहीत असण्याची गरज नाही. मादीकडे झेड एकच, म्हणजे पट्टे दिसले की जनुक आहेच. लाल किंवा काळ्या नरावर पट्टे नसतील तर त्याच्या दोन्ही झेडवर तो नाही. पांढरा नर मात्र या कामाला कधीच वापरू नका. पांढऱ्या पिसांखाली पट्टे लपलेले असू शकतात, आणि प्रभावी पांढरा रंग पिल्लांचे काळेपणही झाकून टाकतो.

माद्या निवडताना अंगचा मूळ रंग काळा आणि पंखांच्या मोठ्या पिसांवरही आडवे पट्टे आहेत का ते पाहा. फायोमी कोंबडीही लांबून पट्टेरी वाटते, पण तिच्या पट्ट्यांचा जनुक झेडवर नाही. ती इथे चालत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो आधीच्या नरामुळे. कोंबडीच्या अंगात नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते. म्हणून माद्या किमान ३ आठवडे नराविना वेगळ्या खुराड्यात ठेवा, मग ८ ते १० माद्यांमागे १ नर सोडा. आठवडाभराने फलन चांगले मिळू लागते, तेव्हापासून उबवणीची अंडी गोळा करा. ५० ते ६० ग्रॅमची, स्वच्छ, न तडकलेली अंडी टोक खाली ठेवून थंड जागी (१५ ते १८ अंश सेल्सिअस) ७ दिवसांपर्यंतच साठवा. पंख्याच्या उबवणी यंत्रात ३७.५ अंश, आर्द्रता ५० ते ५५ टक्के. १८ व्या दिवशी अंडी फिरवणे थांबवा आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. २१ व्या दिवशी पिल्ले निघतात.

पिल्ले पूर्ण सुकल्यावर उजेडात तपासा. डोक्याच्या मागच्या बाजूला पांढरट डाग असेल तर नर. डोके सलग काळे असेल तर तलंग. लाल बापाच्या तलंगांच्या तोंडाभोवती तपकिरी छटाही दिसते. पोट आणि पंखांची टोके दोघांचीही पांढरट असतात, नवखा माणूस तिथेच फसतो. म्हणून फक्त डोके पाहायचे. लगेच पायात रंगीत कडी घाला, कारण लव गळून पिसे येऊ लागली की डाग दिसेनासा होतो. त्यानंतर पडताळा पिसांवरून: नरांना पट्टे येतात, तलंगांना येत नाहीत.

कडकनाथ नर लावला तरी डाग तसाच दिसतो. मात्र या पट्टेरी माद्यांकडून मुलग्यांना कातडीचा काळेपणा रोखणारा जनुकही जातो, त्यामुळे नरांची कातडी उजळ राहते आणि काळ्या मांसाचा भाव मिळत नाही. मांसासाठी कडकनाथ हवा असेल तर शुद्धच ठेवा.

पट्टेरी माद्या मिळाल्या नाहीत तर ऱ्होड आयलंड रेड नराला लाइट ससेक्स किंवा ऱ्होड आयलंड व्हाइट माद्या द्या. या माद्यांतला रुपेरी जनुकही (पिसांचा लाल रंग दाबणारा) झेडवरच आहे: नर पिल्ले फिकट पिवळसर, तलंगा लालसर तपकिरी. पांढरी लेगहॉर्न मादी लावली तर प्रभावी पांढऱ्यामुळे हा भेद पुसला जातो.

या संकरातले नर-मादी आपसात लावू नका. त्यांच्या पिल्लांत नर असो वा मादी, निम्म्यांना पट्टे असतात, निम्म्यांना नसतात, आणि रंगाचा लिंगाशी संबंध तुटतो. दर खेपेला मूळ जोडीच लागते, म्हणून लाल आणि पट्टेरी असे दोन शुद्ध कळप वेगळे राखा. तलंगा तपकिरी अंड्यांच्या चांगल्या देणाऱ्या निघतात. पट्टेरी नर मांसासाठी वेगळे वाढवा. आपल्याकडे रंगीत पिसांच्या कोंबड्याला गिऱ्हाईक असतेच.