ॲक्टिव्ह की पॅसिव्ह? आधी डीपीवरची (गावच्या ट्रान्सफॉर्मरची) लाइन पाहा

दुकानात ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह स्पीकरचे डब्बे सारखेच दिसतात, म्हणून मागून पाहा. नुसते लाल-काळे टर्मिनल असतील तर तो पॅसिव्ह. त्याला ॲम्प्लिफायर वेगळा लागतो. विजेच्या लाइनची केबल थेट डब्ब्यात जात असेल तर ॲम्प्लि आत आहे, पण तेवढ्यानं तो ॲक्टिव्ह होत नाही. खऱ्या ॲक्टिव्हमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारा भाग, ॲम्प्लिच्या आधी असतो, आणि वूफरला (जाड आवाजाच्या स्पीकरला) वेगळा, ट्विटरला (बारीक आवाजाच्या) वेगळा ॲम्प्लि असतो. एका डब्ब्यात ॲम्प्लि आणि दुसऱ्याला त्यातूनच वायर, असा जोड बहुधा नुसता पॉवर्ड असतो. भाव ॲक्टिव्हचा सांगितला तर हे विचारूनच घ्या.

गावात खरा प्रश्न लाइनचा. रात्री शेतीपंप सुरू झाले की घरात कधी 170 व्होल्टच उरतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या ॲम्प्लित आतला व्होल्टेज त्याच प्रमाणात पडतो आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबानं घटते: 100 वॅटचे जेमतेम 55. मग नॉब पुढं नेला जातो, सिग्नलची टोकं कापली जातात आणि ट्विटर जळतो. "ॲम्प्लि जड झाला", म्हणजे स्पीकरला झेपला नाही, असं म्हणतात. खरं तर त्या रात्री तो हलका पडलेला असतो.

ॲक्टिव्हमध्ये बहुतेक एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सप्लाय) असतो. मागं 100-240 व्होल्ट लिहिलं असेल तर 170 ला काही बिघडत नाही. मात्र डीपीवर न्यूट्रल सुटला की व्होल्टेज 300 च्या वर जाऊ शकतो, आणि तेव्हा दोन्ही डब्ब्यांतले सप्लाय एकदम उडतात. पॅसिव्हमध्ये जातो तो एक ॲम्प्लि. तालुक्याचा मेकॅनिक ट्रान्झिस्टर बदलून देतो. ॲक्टिव्हच्या बारीक पार्टांच्या प्लेटसाठी डब्बा घेऊन नागपूर गाठावं लागतं. म्हणून बैठकीच्या खोलीला पॅसिव्हच बरा. टेबलावर, दीड मीटरवरून ऐकायचं असेल आणि अर्थिंग पक्कं असेल, तर ॲक्टिव्ह जास्त साफ वाजतो. काहीही घ्या, हाय-लो कटऑफचा, म्हणजे व्होल्टेज फार चढला-पडला की लाइन तोडणारा, स्टॅबिलायझर लावा. घरच्या सेटला 500 व्हीए पुरतो.

पॅसिव्ह जोडताना 8 ओहमच्या स्पीकरला 10 मीटरपर्यंत 1.5 स्क्वेअर एमएम तांब्याची वायर चालते. जाऊन-येऊन रोध 0.24 ओहमच्या आसपास, म्हणजे 5 टक्क्यांच्या आत. 4 ओहमला 2.5 घ्या. टोक एक सेंटिमीटरच सोला आणि तारा घट्ट पिळा; एक केस जरी शेजारच्या टर्मिनलला लागला तरी आउटपुट शॉर्ट होतो. एका चॅनलवर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की 4 ओहम होतात. ॲम्प्लिवर किमान 4 लिहिलं असेल तर तिसरा लावू नका.

पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर जोडलंय का, ते सेलनं तपासा. ॲम्प्लिकडची टोकं काढून 1.5 व्होल्टच्या सेलचा प्लस लाल वायरला, मायनस काळीला क्षणभर टेकवा. वूफरचा कोन (पडदा) बाहेर यायला हवा. एका डब्ब्याचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला तर बास गायब होतो, आणि लोक स्पीकरला दोष देत बसतात.

ॲक्टिव्हला दोन्ही डब्बे आणि टीव्ही एकाच बोर्डावर घ्या. कुलर दुसऱ्या पॉइंटवर, नाहीतर तो सुरू होताना टक आवाज येतो. सतत घूं येत असेल तर सेटटॉप बॉक्सची डिशची केबल काढून पाहा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन अर्थिंगमधून फिरणारा करंट, तिथूनच येतोय. ऑडिओच्या वायरीत तो तोडणारा आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, बिघाडात डब्ब्यावर करंट उतरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लि गुरगुरतो आणि तापतोही. साइन वेव्हच घ्या.

मे महिन्यात पारा 45 ला जातो, टिनाखाली त्याहून जास्त. दर 10 अंशांमागे कपॅसिटरचं आयुष्य साधारण अर्धं होतं. ॲम्प्लिवर 10 सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, वर विणलेला रुमाल टाकू नका. कवेलूच्या घरात वायर आढ्यावरून मोकळी नेऊ नका, पीव्हीसी पट्टीतून न्या, उंदीर कुरतडतात.